बुवांना काय म्हणायचं होतं

“...आणि हे, बुवा? हे काय आहे?”

गौतमीने पाण्याने भरलेला पितळी पेला बुवांच्या डोळ्यांसमोर धरला.

नरहरबुवा पेल्याकडे पाहत राहिले. ओठ हलले, जीभ वर उचलली गेली, कपाळावर आठी उमटली.

“पा...”

“पाणी,” गौतमी म्हणाली. “म्हणा, पाणी.”

बुवांनी ओठ मिटून घेतले.

कृष्णेच्या काठी, वाईच्या पुढे असलेल्या त्या लहानशा गावात एके काळी लोक म्हणायचे, नरहरबुवा आख्यान सांगायला लागले की घाटावरची धुणीसुद्धा थांबतात. उभी हयात त्यांनी कीर्तनात घालवली. राममंदिरात त्यांचं कीर्तन असलं की शेजारच्या गावांतून बैलगाड्या यायच्या, पुढे टेम्पो येऊ लागले. बुवा हसवायचे तेव्हा पोरंटोरं हसायची, बुवा थांबायचे तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. असा तो माणूस.

मागच्या कार्तिकात एका सकाळी ते नदीवरून परतताना पायरीवर टेकले, आणि त्यांना उठताच येईना. उजवं अंग लुळं पडलं होतं. औषधपाणी झालं, पाय हळूहळू वळणावर आला, काठी घेऊन ते घरातल्या घरात हिंडू लागले. वाचा मात्र परतली नाही. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं. उत्तर द्यायला तोंड उघडलं की भलताच शब्द यायचा, नाहीतर काहीच यायचं नाही.

सातारच्या इस्पितळात वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी गौतमीला समोर बसवून नीट समजावलं होतं. शब्द गेलेले नाहीत, आतच आहेत, बाहेर यायची वाट तेवढी मोडली आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांचीसुद्धा अदलाबदल होते, तेव्हा त्यांच्या ‘हो’वर एकदम विसंबू नका. घाई करू नका. आणि कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची ते त्यांनाच ठरवू द्या. माणूस स्वतःच्या गरजेच्या शब्दासाठी जेवढा झटतो, तेवढा दुसऱ्याने हातावर ठेवलेल्या शब्दासाठी झटत नाही.

गौतमीने मान डोलावली होती. ऐकलं सगळं, घेतलं मात्र सोयीचं तेवढंच.

ती बुवांची शिष्या. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून त्यांच्या मागे झांज घेऊन उभी राहायची. आता तिचं स्वतःचं नाव झालं होतं. नऊवारी नेसून, उपरणं कमरेला बांधून ती गादीवर उभी राहिली की सभा बांधली जायची. लोक म्हणायचे, डोळे मिटून ऐकलं तर बुवाच बोलताहेत असं वाटतं. या कौतुकापुढे तिला बाकी सगळी कौतुकं फिकी वाटायची. बुवांची आख्यानं, बुवांचे दाखले, बुवांचे विनोद, इतकंच काय, बुवा ज्या जागी खाकरायचे तिथे तीही थोडीशी खाकरायची.

एकच गोष्ट तिला बुवांची जमली नव्हती. ते थांबायचे, ती थांबायची नाही. तिच्या कीर्तनात सुई शिरायला जागा नसे. आणि घरी, दारी, प्रवासात, कुठेही दोन माणसांमध्ये जराशी शांतता पडली की तिच्या पायाचा अंगठा हलायला लागायचा.

बुवांचं कळल्यावर तिने घेतलेली सगळी कीर्तनं रद्द केली आणि थैली उचलून गुरूच्या घरी येऊन राहिली. आल्या दिवशीच तिने देवळाच्या पारावर सांगून टाकलं, “रामनवमीला बुवा गादीवर उभे राहतील. मी उभं करीन.”

गावाला बरं वाटलं. बुवांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

मग रोज सकाळी पेला, भांडं, फूल, चष्मा. हे काय, ते काय. बुवा पहिलं अक्षर कसंबसं ओढून आणायचे आणि उरलेला शब्द गौतमी पुरा करायची. तिला वाटायचं, आपण मदत करतोय. बुवांची काठी जमिनीवर आपटायची. तिला वाटायचं, माणूस थकला.

एके सकाळी ती तुळशीला पाणी घालता घालता नमन गुणगुणत होती. बुवांनीच बांधलेलं ते नमन. प्रत्येक कीर्तनाची सुरुवात त्याने व्हायची.

“ये गा रघुराया...”

आणि आतून, कोनाड्याजवळच्या खुर्चीतून, खणखणीत आवाज आला.

“ये गा रघुराया, ये गा सत्वरी...”

गौतमीच्या हातून तांब्या पडला. ती धावत आत गेली. बुवा गात होते. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पूर्ण नमन त्यांनी म्हटलं आणि मग स्वतःच दचकल्यासारखे गप्प झाले.

तिने लगेच सातारला फोन लावला. बाई म्हणाल्या की असं होतं, गाण्याची वाट वेगळी असते, पाठ असलेलं गाणं पुष्कळदा तसंच राहतं. त्याचा बोलण्यासाठी थोडा आधार घेता येईल. पण गाणं म्हणजे बोलणं नव्हे, हे विसरू नका. गाणं आपोआप येतं. बोलणं माणसाला आणावं लागतं.

गौतमीने ‘गाणं येतं’ एवढंच ऐकलं.

“बुवा, रामनवमीला उभं राहायचं ना?” तिने त्यांचे हात हातात घेऊन विचारलं.

“हो,” बुवा म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. बुवांची बायको, सिंधूकाकू. अंगाने काटकुळ्या, बोलायला त्याहून कमी. त्यांनी एवढंच सांगितलं, की काल मी पंखा बंद करू का म्हणून विचारलं, तेव्हाही हो म्हणाले होते. बंद केला तर काठी आपटली.

“पण काकू, हे निराळं आहे,” गौतमी म्हणाली. “चेहरा बघा ना त्यांचा.”

काकूंनी चेहरा बघितला आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर तयारीला जोर चढला. सकाळी नमन, दुपारी नमन, दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा नमन. गौतमी चिपळ्या घेऊन समोर बसायची. बुवा गायचे खरे, पण दिवसागणिक त्यांची चुळबुळ वाढत चालली. मध्येच उठायचे. काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. डावा हात चौकटीवर ठेवायचा, आत पाहायचं, तोंड उघडायचं... आणि तसंच उघडं राहायचं. तेवढ्यात गौतमी येऊन कोपराला धरून त्यांना परत आणायची.

“आधी हे पुरं करू, बुवा. मग काय ते बघू.”

त्यांना बसवलं की पायाने ते जमीन उकरल्यासारखं करायचे. एकदा त्यांनी चिपळ्या तिच्या हातून काढून अंगणात भिरकावल्या. डाव्या हाताने फेकल्या, तरी पार विहिरीपाशी जाऊन पडल्या. गौतमी हसली. म्हणाली, हातात ताकद येतेय, चांगली खूण आहे.

रामनवमीला देवळात मुंगीला वाट नव्हती. गौतमीने पूर्वरंग केला, उत्तररंगाला आली, आणि माध्यान्हीला थोडा अवकाश असताना ती थांबली. बुवांना दोघांनी धरून गादीवर आणलं. डोक्याला पगडी, गळ्यात हार. सभा उठून उभी राहिली.

“ये गा रघुराया...”

आवाज जराही कापला नाही. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. पेटीवर बुवांचे जुने साथीदार दिगंबरपंत होते, त्यांचीही बोटं क्षणभर अडखळली. नमन संपलं, पाळणा हलला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला गेला. गौतमीला वाटलं, जिंकले.

दिगंबरपंत पेटीवरून उठले आणि बुवांच्या कानाशी वाकले. साधंच विचारलं, “बुवा, दमलात? घरी जायचं का?”

बुवांनी तोंड उघडलं.

“ये गा रघुराया...”

लोकांनी टाळ्या धरल्या. बुवांनी मान हलवली. श्वास घेतला. ओठ जुळवले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

“ये गा... ये गा सत्वरी...”

“काय भाव आहे,” कुणीतरी म्हणालं. “देहभान गेलं बघा.”

बुवांचा डावा हात गौतमीच्या मनगटाशी गेला. ती अगदी जवळ होती, म्हणून तिलाच तेवढं दिसलं. शेवाळलेल्या पायरीवरून पाय निसटला की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तो चेहरा होता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडातून दुसरंच येत होतं, पुन्हा पुन्हा तेच, आणि समोर सगळा गाव आनंदाने टाळ्या पिटत होता.

गौतमीला कळलं. कळलं आणि तरीही, त्या दोन ओळींच्या मधे जी पोकळी पडली, ती तिला सोसली नाही. सवयीने तिच्या हातातल्या चिपळ्या वाजल्या. सवयीने तिने पुढची ओळ उचलली. सभा तिच्यामागे गाऊ लागली.

बुवांनी तिचं मनगट सोडलं.

बायकांच्या बाजूने वाट काढत काकू पुढे आल्या. आजवर त्या कधी गादीपर्यंत आल्या नव्हत्या. त्यांनी बुवांचा हात धरला, गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला आणि त्यांना हळूहळू देवळाबाहेर नेलं. लोक वाकून दोघांच्याही पाया पडत होते.

त्या दिवसापासून बुवांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

पेला दाखवला, ते पाहायचे नाहीत. नमन म्हटलं, ते भिंतीकडे वळायचे. ‘हो’सुद्धा म्हणेनासे झाले. गौतमी घरात टिकेना. उन्हाच्या काहिलीत घाटावर जायची, पायऱ्या उतरायची, चढायची, पुन्हा उतरायची. रात्री अंथरुणावर पडली तरी पायाचा अंगठा हलत राहायचा. कीर्तनाला बोलावणाऱ्यांचे फोन येत होते, ती घेत नव्हती. दिगंबरपंतांनी सुचवलं, आता राहू दे पोरी, वय झालंय त्यांचं. तिने त्यांच्याशीही बोलणं टाकलं.

काकू तिला काहीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी एका सकाळी तिचा बांध फुटला. बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती त्यांच्यापुढे जाऊन जमिनीवर बसली, मुद्दाम भिंतीला पाठ लावून, म्हणजे त्यांना तिच्याकडेच बघावं लागेल.

मी माझं सगळं सोडून आले, ती म्हणाली. रोज तीन-तीन वेळा बसते. तुम्हाला गाणं नकोय, शब्द नकोत, लोक नकोत.

“मग तुम्हाला म्हणायचंय तरी काय, बुवा?”

तिने रागाने विचारलं होतं. पण बुवांनी मान वर केली.

इतक्या महिन्यांत तो प्रश्न त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारला होता.

ते तिच्याकडे पाहू लागले. डोळ्यांत काहीतरी हललं. ओठ उघडले...

“पाणी हवंय?” गौतमी म्हणाली. “बाहेर जायचंय? माझ्यावर रागावलात? रागावला असाल तर...”

बुवांनी डावा हात उचलला आणि तळवा तिच्या तोंडावर ठेवला.

मारल्यासारखा नव्हे, पण घट्ट.

ती गप्प झाली. तिला वाटलं, आता काढतील. त्यांनी काढला नाही.

...

बाहेर कुणीतरी रहाट ओढत होतं. काकूंची पोळी तव्यावर पडल्याचा आवाज आला. गौतमीचा अंगठा हलू लागला, मग गुडघा, मग तिच्या हाताची बोटं चटईची काडी सोलायला लागली. बुवांचा तळवा तिथेच. त्याला तपकिरीचा वास होता. तिला ओरडावंसं वाटलं. मग तिला रडावंसं वाटलं. मग काही वेळाने, कसलंच काही वाटेनासं झालं.

“जे...” बुवा म्हणाले.

तिच्या जिभेवर पाच शब्द धावून आले. तळवा तोंडावर होता.

“जो... झो...” बुवांनी स्वतःलाच नकारार्थी मान हलवली. डोळे मिटले. “जे... जे...”

त्या दिवशी पुढे काही आलं नाही. त्यांनी हात खाली घेतला, तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. पण रामनवमीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

त्या दिवसापासून शिकवणं बदललं. आता पेला नव्हता, फूल नव्हतं. सकाळी गौतमी समोर येऊन बसायची आणि बुवा आधी तिच्या तोंडावर तळवा ठेवायचे. पुढे पुढे त्याची गरज उरली नाही, ती स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवायची. बुवा त्यांच्या शब्दाच्या मागे लागायचे. तो कुठला शब्द, कुणासाठी, तिला माहीत नव्हतं. तो हुडकून काढायचा मोह तिला रोज व्हायचा. घशाशी अंदाज यायचा आणि ती तो गिळायची. आयुष्यात तिने इतकं अवघड काम केलं नव्हतं. एकेका सकाळी चटईच्या काड्यांचा ढीग तिच्यापाशी पडलेला असायचा.

सातारच्या बाईंना विचारून तिने एकच गोष्ट बुवांना दाखवली. शब्द अडला की डाव्या हाताने गुडघ्यावर एकेक अक्षराची टिचकी मारायची, ठेका धरल्यासारखी. बुवांना ते लगेच पटलं. जन्म ठेक्यातच गेला होता. त्यानंतर ते एकटे बसले असतानाही त्यांचं बोट गुडघ्यावर चाललेलं दिसायचं. थांबायचं, मागे फिरायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

एकदा एकदम अख्खा शब्द आला.

“जेवण!”

गौतमीला इतका आनंद झाला, की ती ताडकन उठली आणि ताट आणायला धावली. मागून काठी आपटली.

“नाही!” बुवा ओरडले.

दोघंही थबकली. ‘नाही’च्या जागी ‘नाही’च आलं होतं. झटका आल्यापासून पहिल्यांदा. गौतमी हसायला लागली, बुवाही हसू लागले, आणि आतून काकू कणकेचा हात घेऊन पाहायला आल्या, की यांना झालं तरी काय.

पण शब्द तो नव्हता. बुवा पुन्हा गुडघ्याकडे वळले.

असे किती दिवस गेले कुणी मोजले नाहीत. ऊन आणखी तापलं. नदीचं पात्र आटून मधले खडक वर आले. बुवा कधी चिडायचे, कधी दिवसभर अबोल असायचे, एकदा तर रडले. गौतमीने डोळे पुसले नाहीत, धीर दिला नाही, नुसती बसून राहिली. संध्याकाळी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग एका दुपारी...

जेवणं झाली होती. काकूंनी बुवांना वाढलं, गौतमीला वाढलं, ताटं उचलली आणि त्या आत गेल्या. नेहमीसारखंच. आतून भांड्याच्या तळाला उलथनं घासल्याचा आवाज येत होता.

बुवा उठले. काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. डावा हात चौकटीवर ठेवला.

गौतमी त्यांचं कोपर धरायला उठली. अर्धी उठली. आणि पुन्हा खाली बसली.

बुवांचं बोट चौकटीवर वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं.

“जे... व... लीस... का?”

काकू पाठमोऱ्या होत्या. हात चालूच होता.

“हो, मघाशीच,” त्या म्हणाल्या.

आणि मग उलथनं थांबलं.

त्या वळल्या नाहीत. मांडणीवर त्यांचं ताट उपडं होतं, कोरडं. गौतमीला बसल्या जागेवरून ते दिसलं. इतकी वर्षं ती या घरात येत होती, इथे जेवत होती. ते ताट केव्हा सुलटं होतं, केव्हा धुतलं जातं, हे आठवायचा तिने प्रयत्न केला, आणि तिला एकही वेळ आठवली नाही. तिला आठवल्या त्या पंगती. कीर्तनाहून बुवा परतायचे, मागे दहा-पंधरा माणसं, पानं मांडली जायची, बुवा जेवता जेवता सभेतल्या गमती सांगायचे आणि सगळी ओसरी हसायची. आत कोण होतं, ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. बुवांच्याही आलं नव्हतं. मग वाचा गेली आणि ते महिनोन्‌महिने या कोनाड्याजवळच्या खुर्चीत बसून राहिले. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं.

“खरं...” बुवा म्हणाले. बोट चौकटीवर वाजलं. “खरं... सांग.”

काकू खाली बसल्या. पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. भिंतीला टेकून नुसत्या बसल्या, लांबून चालत आलेलं माणूस बसतं तशा.

“नाही जेवले,” त्या म्हणाल्या.

बुवांनी काठीने पाट पुढे सरकवला. स्वतः उंबऱ्यावर टेकले. काकूंनी ताट सुलटं केलं, उरलंसुरलं वाढून घेतलं आणि खाऊ लागल्या. कुणी समोर बसून आपल्याकडे बघतंय, याची सवय नसल्याने त्या अवघडल्या होत्या. घास लहान घेत होत्या. एकदा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही जा की आत, पडा जरा. बुवा हलले नाहीत. त्यांचं जेवण पुरं होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी ओसरीवर गौतमीला गप्प राहवत नव्हतं. आनंद अंगात मावत नव्हता. तिने बसल्या बसल्या पुढचं सगळं मांडायला सुरुवात केली. उद्यापासून गावातल्या माणसांची नावं घेऊ. मग लहान वाक्यं. दसऱ्यापर्यंत एखादी छोटी गोष्टसुद्धा येईल, बघा. आणि हो, तिने फोन घेतला होता, सांगलीकडच्या उत्सवात तिला उभं राहायचं होतं. तिथे ती बुवांचंच आख्यान लावणार होती, शब्दन्‌शब्द बुवांचा. बुवा जिथे थांबतात तिथे थांबणार होती, आता तिला थांबायलाही येत होतं. लोकांनी डोळे मिटले तर त्यांना वाटलं पाहिजे, बुवा परत आले. तुमचा आवाज मी जाऊ देणार नाही, ती म्हणाली. मी आहे तोवर तुम्ही बोलत राहाल.

बुवा ऐकत होते. मधे त्यांनी हात उचलला नाही. तिचं बोलणं आपसूक संपेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले. नदीवरून वारा आला. आत काकू दिवा लावत होत्या.

मग बुवांचं बोट गुडघ्यावर वाजू लागलं.

गौतमीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मनात एकही अंदाज येऊ दिला नाही.

“गौ... त... मी.”

इतक्या महिन्यांत तिचं नाव पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आलं होतं. तिचे डोळे भरून आले. “काय, बुवा?”

बोट थांबलं. बराच वेळ...

“तू... कधी... बोलणार?”